चाईचा आकडा रक्तात सापडत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्याच्या पानावर केस गळण्यावर एक लेख आला होता, त्यात शेवटी एक ओळ होती की केस गळत असतील तर रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून घ्याव्यात. ती ओळ वाचली आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय, आज रविवार आहे म्हणून बसलो लिहायला. मी डॉक्टर नाही, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहितो, पण मागचे अकरा महिने माझ्या मुलीच्या चाईपायी, म्हणजे डोक्यावरचे केस जाऊन चट्टे पडतात त्यापायी, लॅबच्या एवढ्या चकरा मारल्यात आणि एवढं वाचलंय, विचारलंय, की ती एक ओळ किती लोकांना किती चकरा मारायला लावू शकते ते मला दिसतंय.

मुलगी चौदा वर्षांची, नववीत आहे. एका रविवारी तिची आई तिला न्हायला घालून वेणी घालत होती तर कानामागे रुपयाएवढा चट्टा, एकदम गुळगुळीत, ना खाज ना लाली. माझ्या आईनं बघितल्या बघितल्या सांगितलं, चाई पडलीय. मग कांद्याचा रस झाला, जास्वंदीचं तेल झालं, कोणी म्हणलं केसाला कीड लागलीय, आणि त्या कीड शब्दानंच सगळा घोळ झाला कारण शाळेत पोरींनी तिच्याजवळ बसायचं सोडलं. म्हणून आधी हेच लिहितो, चाईत कीडबिड काही नसते आणि ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. कंगवा, रुमाल, उशी, कशानंच नाही. आपल्याच शरीरातल्या रक्षण करणाऱ्या पेशी चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर उठतात, डॉक्टर त्याला ॲलोपेशिया अरेटा म्हणतात. परदेशातल्या अभ्यासांप्रमाणे शंभरात साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी हे होतं. आपल्याकडे त्याच्या निम्मे धरा, २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं होतं, म्हणजे नऊ दहा हजार माणसं नुसत्या आपल्या शहरात निघतील, आणि त्यातली निम्मी तरी टोपी, ओढणी, पदर यांच्याखाली लपवत असतील.

आता रक्ताचं सांगतो. पहिल्या डॉक्टरांनी यादी दिली, हिमोग्लोबिन, थायरॉइड, विटामिन डी, बी १२, फेरिटिन म्हणजे अंगात साठलेलं लोह, एएनए म्हणजे शरीर स्वतःवरच उठलंय का ते बघायची, आयजीई ॲलर्जीची, सीआरपी आणि ईएसआर अंगातल्या सुजेची. मी म्हणलं बरं झालं, आता आकडा मिळेल. खरं सांगतो, मला आकडा पाहिजेच होता. माझं कामच ते, आकडा दिसला की जीव शांत होतो, आणि पोरीच्या डोक्यावरनं रोज सकाळी हात फिरवून आज वाढलंय का कमी झालंय हे विचारत बसण्यापेक्षा कागदावर एक नंबर यावा, शुगरवाल्यांना तीन महिन्यांचा एचबीए१सी असतो तसा, असं वाटत होतं. म्हणून एक वही केली आणि दर दोन अडीच महिन्यांनी रक्त द्यायला लागलो, पाच वेळा दिलं. पैसे किती गेले ते लिहीत नाही, पण शाळेच्या एका वर्षाच्या फीच्या आसपास गेले.

वहीत काय आलं ते बघा. विटामिन डी सुरुवातीला ११ होतं, औषधानं ३८ वर गेलं. फेरिटिन १४ चं ४१ झालं. मी खूष. आणि त्याच दरम्यान डोक्यावरचे चट्टे दोनाचे पाच झाले. आयजीई पहिल्यांदा सहाशेच्या वर होतं, नंतर पण तेवढंच, चट्टे वाढले तेव्हाही तेवढंच. सीआरपी आणि ईएसआर पाचही वेळा नॉर्मल. एएनए निगेटिव्ह. म्हणजे रिपोर्ट सगळे सुधारले आणि पोरगी आरशासमोर उभी राहायची बंद झाली. मी तो रिपोर्ट तिला दाखवून म्हणलं बघ डी किती छान आलंय, तर ती म्हणाली पप्पा केस कुठं आहेत. त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मधे एक अजून वाईट गोष्ट झाली, ती सविस्तर लिहितो कारण ती कोणाच्याही घरी होऊ शकते. चौथ्या वेळी थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच एकदम कमी आलं आणि टी४ जास्त. थायरॉइड वाढलाय म्हणून घरात धावपळ, दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो, गोळ्या सुरू करायचं बोलणं झालं. नशीब की त्या डॉक्टरांनी विचारलं, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? होत्या, बायोटिन हे एक विटामिन, रोज दहा मिलिग्रॅम, मेडिकलमधनंच आणलेल्या, कोणी लिहून दिल्या नव्हत्या. त्यांनी त्या बंद करून काही दिवसांनी परत रक्त द्यायला सांगितलं आणि सगळं नॉर्मल आलं. लॅबच्या बऱ्याच मशिनी तपासणीसाठी स्वतःच बायोटिन वापरतात, आपल्या रक्तात ते जास्त असलं की मशीन फसतं, टीएसएच खोटं कमी दाखवतं आणि टी४ खोटं जास्त. अमेरिकेच्या औषध खात्यानं, एफडीएनं, याचा इशारा २०१७ मध्येच दिला होता, हृदयाच्या झटक्याच्या ट्रोपोनिन तपासणीत पण हे होऊ शकतं. आता मला सांगा, केस गळतात म्हणून जवळपास प्रत्येकजण बायोटिन खातो, आणि केस गळतात म्हणूनच प्रत्येकजण थायरॉइड तपासतो, मग रक्त घेताना काउंटरवर हा एक प्रश्न का विचारला जात नाही? आमच्या पाच वेळात एकदाही कोणी विचारला नाही.

त्यानंतर हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला गेलो. तिथल्या स्किनच्या डॉक्टर बाईंनी माझी वही पूर्ण बघितली, एक एक पान, आणि मग म्हणाल्या, तुम्ही फार मनापासून केलंय पण यातला एकही आकडा चाई मोजत नाही. फेरिटिन लोह सांगतं, डी विटामिन डी सांगतं, टीएसएच थायरॉइड सांगतं. चाई चढतीय का उतरतीय हे सांगणारी रक्ताची तपासणी आज कुठल्याच लॅबकडं नाही. मी जरा चिडलोच, म्हणलं मॅडम, मग वर्षभर मला हे कोणी सांगितलं का नाही.

बाईंनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारखान्यात काम करणाऱ्यांना लगेच कळेल. मागावर टॉवेल कसा विणला जातोय, ताणा तुटतोय का, हे मागापाशी उभं राहिल्यावरच दिसतं. गेटवर उभं राहून आत जाणारे सुताचे ट्रक आणि बाहेर पडणाऱ्या गाड्या मोजत बसलं तर एवढंच कळेल की कारखाना चालू आहे, सात नंबरच्या मागावर काय बिघडलंय ते कळणार नाही. चाईत माग म्हणजे डोक्याच्या कातडीखाली तीन चार मिलिमीटरवर असलेलं केसाचं मूळ. एरवी त्या मुळाला शरीरानं एक आडोसा दिलेला असतो, रक्षक पेशींची नजर तिथं पडत नाही. तो आडोसा मोडला की टी पेशी, म्हणजे रक्षक पेशींतलाच एक प्रकार, येऊन मुळाभोवती जमतात, सूक्ष्मदर्शकाखाली तो मधमाशांचा घोळका बसल्यासारखा दिसतो म्हणे. भांडण सगळं तिथं, त्या तेवढ्या जागेत. आणि आपण रक्त काढतो हाताच्या शिरेतनं, म्हणजे गेटवरनं.

असं नाही की कोणी शोधलं नाही, भरपूर शोधलंय. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अँजेला क्रिस्टियानो म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांना स्वतःला चाई झाली होती. त्यांच्या गटानं २०१४ मध्ये दाखवलं की या टी पेशी आणि केसाच्या मुळातल्या पेशी इंटरफेरॉन गॅमा आणि आयएल-१५ नावाचे निरोप एकमेकांना देत हे भांडण पेटतं ठेवतात आणि ते निरोप जेएके नावाच्या रस्त्यानं पोचतात. तो रस्ता अडवणारं औषध तीन पेशंटना दिलं तर काही महिन्यांत केस परत आले. पुढं त्यांनीच कातडीच्या तुकड्यातली जनुकं वाचून चाईची तीव्रता सांगणारा एक स्कोअर बनवला. पण तो कातडीचा तुकडा काढून, रक्तातनं नाही, आणि तो पण संशोधनापुरताच.

रक्तात काय दिसलं तर सीएक्ससीएल-९ आणि सीएक्ससीएल-१० नावाचे दोन पदार्थ चाईच्या पेशंटमध्ये सरासरीनं जास्त असतात, जास्त केस गेलेल्यांमध्ये अजून जास्त. इंटरफेरॉन गॅमाचा हुकूम सुटला की हे तयार होतात आणि टी पेशींना इकडं या म्हणून बोलवतात. हे वाचलं तेव्हा मला वाटलं सापडला आपला आकडा! पण सरासरी हा शब्द मी विसरलो, हिशोबनीस असून विसरलो. सरासरी वेगळी असली तरी एकेक माणूस घेतला तर चाईवाल्याचा आकडा आणि धडधाकट माणसाचा आकडा एकमेकांत मिसळलेले असतात, रेघ कुठं मारायची ते ठरत नाही. एका किटचा आकडा दुसऱ्या किटशी जुळत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे सीएक्ससीएल-१० टीबीत पण वाढतं, डेंग्यूत पण वाढतं, दुसऱ्या व्हायरसमध्ये पण वाढतं. आपल्या सोलापुरात पावसाळ्यानंतर डेंग्यूची काय परिस्थिती असते ते तुमच्याच पेपरात रोज येतं, मग वाढलेला आकडा चाईचा का डासाचा ते कसं ओळखायचं.

आमच्या शेजारच्या काकांनी एक मुद्दा काढला तो पण खोडून टाकण्यासारखा नाही. ते म्हणाले, बुलढाण्यात शेगावकडं २०२५ च्या जानेवारीत गावच्या गावं टकली झाली, तिथं रक्तातच सापडलं की ओ, मग तुमच्या पोरीचं का सापडत नाही? बरोबर आहे. तिथं डॉ. हिंमतराव बावस्करांनी लोकांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम खूप वाढल्याचं दाखवलं आणि बोट रेशनच्या गव्हाकडं केलं. पण तिथं बाहेरनं पोटात गेलेली एक वस्तू शोधायची होती, ती रक्तातनं फिरते म्हणून रक्तात सापडते. चाईत बाहेरनं काही आलेलं नाही. दोन्हीत केसच गेले म्हणून दोन्हीला एकच तपासणी कशी चालेल? अचानक एका घरात, एका गल्लीत तीन चार जणांचे केस जायला लागले तर मात्र रक्त जरूर द्या, आणि आरोग्य खात्याला कळवा पण.

मग मोजायचं कसं, कारण मोजायचं तर आहेच. मॅडमनी सांगितलं, डोकंच मोजा. त्याला साल्ट स्कोअर म्हणतात आणि तो इतका सोपा आहे की मला आधी विश्वास बसला नाही. डोक्याचे चार भाग करायचे. वरचा भाग चाळीस टक्के, मागचा चोवीस, दोन्ही बाजू अठरा अठरा, बेरीज शंभर. प्रत्येक भागातला किती हिस्सा मोकळा झालाय ते अंदाजानं ठरवायचं आणि त्या भागाच्या टक्क्यांनी गुणायचं. माझ्या मुलीचा त्या दिवशी मागच्या भागातला पाव हिस्सा गेला होता, म्हणजे चोविसाचा पाव सहा. उजव्या बाजूचा एक तृतीयांश, अठराचे सहा. वरचा एक दशांश, चाळिसाचे चार. एकूण सोळा. शून्य म्हणजे सगळे केस आहेत, शंभर म्हणजे एकही नाही. एक रुपया लागला नाही.

हा काही गरिबाचा जुगाड नाही बरं का. बॅरिसिटिनिब हे तोच जेएकेचा रस्ता अडवणारं औषध, कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपण हे नाव ऐकलं होतं, त्याला अमेरिकेत जून २०२२ मध्ये मोठ्या माणसांच्या गंभीर चाईसाठी परवानगी मिळाली, आणि २०२३ च्या जूनमध्ये त्याच गटातल्या रिटलेसिटिनिबला बारा वर्षांपुढच्यांसाठी. बॅरिसिटिनिबच्या दोन मोठ्या चाचण्यांत, निम्म्याच्या वर डोकं मोकळं झालेल्या लोकांना चार मिलिग्रॅम रोज दिलं तर ३६ आठवड्यांनी शंभरातले साधारण ३६ ते ३९ जण साल्ट वीस किंवा त्याच्या खाली आले. एवढ्या मोठ्या कंपनीनं, एवढा खर्च करून, पास नापास ठरवलं ते याच चार भागांच्या गुणाकारावर, रक्ताच्या आकड्यावर नाही. मग आपल्याला लॅबमध्ये रांगेत का उभं करतात?

आणि माग बघायचं पण साधन आहे, डर्मोस्कोप, हातात मावणारं उजेडाचं भिंग. त्यातनं चट्ट्याच्या कडेला उद्गारचिन्हासारखे केस दिसतात, वर जाड खाली बारीक, आणि कातडीच्या बरोबर तुटलेल्या केसांचे काळे ठिपके. हे दिसले म्हणजे भांडण आत्ता चालू आहे. ते गेले आणि बारीक पांढरी लव आली म्हणजे केस परतायला लागले, पहिल्यांदा बऱ्याचदा पांढरेच येतात, घाबरायचं नाही. कडेचे केस हलके ओढले तर हातात येतात का ते बघायचं. नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे आहेत का ते बघायचं. मॅडमनी पाच मिनिटांत हे सगळं बघून जे सांगितलं ते माझ्या पाच रिपोर्टमध्ये नव्हतं.

आता कोणी माझा उलटा अर्थ काढू नये म्हणून लिहितो. रक्त काढूच नका असं मी म्हणत नाही. चाईबरोबर थायरॉइडचा त्रास काही जणांना असतो, तेव्हा लक्षणं असतील, घरात कोणाला असेल, तर टीएसएच एकदा बघावं. पाळी सुरू झालेल्या मुलींचं हिमोग्लोबिन, फेरिटिन बघावं, आपल्याकडं पोरींच्या अंगात रक्त कमी असणं हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे, चाई असो नसो. विटामिन डी चाईवाल्यांत सरासरीनं कमी सापडतं, कमी असेल तर भरून काढावं, पण ते भरलं म्हणून केस येतील असं कोणी सिद्ध केलेलं नाही. आणि जेएकेवाली औषधं घ्यायची वेळ आली तर रक्ताशिवाय अजिबात चालत नाही, आधी टीबीची आणि काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बी, सीची तपासणी, मग मधून मधून रक्तपेशी, लिव्हर, कोलेस्टेरॉल. एफडीएनं २०२१ मध्ये या गटातल्या काही औषधांवर हृदयविकार, रक्ताच्या गाठी, कॅन्सर यांचा कडक इशारा छापायला लावलाय. तेव्हा ते रक्त औषधावर राखण ठेवायला काढतात, रोग मोजायला नाही. हा फरक पेशंटला सांगायला एक मिनिट लागतं. ते एक मिनिट द्यावं एवढंच माझं म्हणणं आहे, प्रत्येक तपासणीच्या पुढं कशासाठी हे दोन शब्दांत लिहून द्यावं, आणि जी परत करायची गरज नाही तिच्यापुढं परत नको असं लिहावं.

लॅबवाल्यांना पण हात जोडून सांगणं आहे. हेअर फॉल पॅकेज म्हणून बारा तपासण्या एकत्र विकता, विका, पण दर तीन महिन्यांनी करा आणि प्रगती बघा असं चाईवाल्यांना सांगू नका. आणि बायोटिनचा प्रश्न फॉर्मवर छापून टाका.

आपल्याकडं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, डॉ. वैशंपायन यांच्या नावाचं, जिल्ह्यातनंच नाही तर धाराशिव (उस्मानाबाद), विजापूर, गुलबर्ग्याकडनं पण लोक तिथं सिव्हिलला येतात. स्किनच्या ओपीडीत चाईच्या प्रत्येक पेशंटचे चार बाजूंनी फोटो आणि साल्टचा आकडा केसपेपरवर लिहायला सुरुवात झाली तर काही वर्षांत आपल्या भागातली चाई कशी वागते याची खरी नोंद तयार होईल. उद्या कोणी रक्तातला खरा मार्कर शोधायला निघालं तर त्याला पडताळायला अशीच नोंद लागणार, नाहीतर रक्ताचा आकडा जुळवायचा कशाशी? मुलीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, त्यासाठी असेल तर मी परत रक्त देते पप्पा, शोधायला देते, पॅकेजला नाही.

घरी आम्ही काय करतो ते पण सांगतो, कोणाला उपयोग झाला तर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, त्याच खिडकीपाशी, केस धुऊन वाळल्यावर, चार फोटो, चट्ट्याशेजारी कंपासपेटीतली पट्टी धरून. रोज बघायचं नाही, हे तिच्या आईनं ठरवलं आणि घरात सगळ्यांत मोठा आराम त्यानं पडला. दर पाच सहा आठवड्यांनी चट्ट्यात बारीक सुईची स्टिरॉइडची इंजेक्शनं चालू आहेत, दुखतं पण ती सहन करते. लहान चट्टे बऱ्याच जणांचे आपोआप पण भरतात, त्यामुळं आता जे भरतंय ते इंजेक्शननं का आपोआप हे मी छातीठोक सांगणार नाही. परवाच्या रविवारी मागचा भाग दशांशावर आलाय, उजवी बाजू सहाव्या हिश्श्यावर, वरचा तसाच आहे. बेरीज ९.४. गड्ड्याच्या यात्रेला ती या वेळी ओढणी न घेता येणार म्हणते, बघू.

तुमच्या पानावर एखाद्या स्किनच्या डॉक्टरांकडनं चाईवर स्वतंत्र लेख छापावा ही विनंती, त्यात फोटो कसे काढायचे, साल्ट कसा मोजायचा आणि कुठली तपासणी कधी लागते एवढं आलं तरी पुष्कळ होईल. वहीतली पानं लागली तर मी आणून देतो, मुलीनं नाव न छापण्याच्या अटीवर हो म्हणलंय.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर